चिमूटभर हात

"साठ ग्रॅम भात." "मिठागर." "नापास!"

१९६४ साल. रबाळ्याच्या एस्टी थांब्यावर पुतळाबाईच्या कानांवर एवढंच पडलं आणि तिला राहवेना. मासळीची पाटी उचलून ती पुढे बोलत उभ्या असलेल्या बापलेकीच्या मागे जाऊन कान देऊन उभी राहिली.

"भाजीत मीठ टाकलंस म्हनून नापास?"

"होय, बाबा. पथ्याचं जेवन रांधायला शिकतंय ना मी इस्पितलात? त्या पेशंटला मीठ बंद हाय."

"मंग टाकलंस कशाला?"

"टाकलं नाय. हात आपसूक गेला. आपल्या घरात मीठ कोन मोजतं?"

"मिठागरवाल्याची पोर बिनमिठाचं रांधनार! गाव हसतंय, कमळे. घरी चल."

"आज परत परीक्षा हाय."

"आनी परत हात गेला तर?"

"म्हनून बोटांना चिंधी बांधलीय. चिंधी दिसली का हात थांबतो."

"बघू."

"एस्टी आली, बाबा."

"येऊ दे. चिंधी ढिली हाय ही. हात आन इकडं, आवळून देतो."

जूनमध्ये कमळीच्या या शिक्षणाच्या प्रवेशअर्जावर अंगठा बापानेच उठवला होता.