मांडववाल्याच्या घरचं लग्न

टाळ जरा थांबवा, मंडळी! अभंग झाला, निरूपण झालं, तुम्ही माना डोलावल्या. आता एक प्रश्न विचारतो. खरं सांगायचं हं, देवाच्या दारात बसलाय. तुम्ही आत्ता कुठं आहात?

"देवळात, बुवा!" — देह देवळात हो! मन कुठंय? त्या ताईंचं मन घरी गेलंय — गॅस बंद केला का नाही! ते दादा बसलेत इथं, पण जीव बाहेरच्या चपलेत अडकलाय — नवी आहे ना! हसू नका. या बुवाचं मन कुठं होतं सांगू? मागं गव्हाची खीर शिजतीय. वेलदोड्याचा वास आला, आणि तुम्हाला वैराग्य सांगता सांगता हा बुवा दोनदा कढईपाशी जाऊन आला! माझ्या मागं टाळ धरून उभे असलेले गोरखभाऊ हे बरोबर ओळखतात. माझी चाल वाढली, की हळूच म्हणतात, "बुवांना भूक लागली."

मग शांती मिळायची कशी? ती येते हो! दारात येते, हाक मारते. पण घरात माणूसच नाही, तर पाहुण्यानं थांबावं कुणासाठी? बिचारी परत जाते. आणि आपण म्हणतो, बुवा, मन शांत राहत नाही, काहीतरी मंत्र द्या. बुवाकडं मंत्र असता, तर बुवानं आधी स्वतःवर नसता का मारला? मंत्र नाही. गोष्ट आहे. ऐका.

आपल्याच भागात त्रिंबकअण्णा घुमरे म्हणून मांडववाले. लग्न असो, बारसं असो, मांडव अण्णांचा! गडी कामाला वाघ. पण एक खोड. आजच्या मांडवात उभं राहून उद्याचा मांडव बघायचा! इकडं नवरा-नवरी हार घालतायत, अण्णा कनातीच्या दोऱ्या ढिल्या करतायत. एकदा तर पंगत बसलेली, लोक भात कालवतायत, आणि यांनी मागची कनात सोडली! वारा आला, पत्रावळ्या उडाल्या. व्याही वरणाची वाटी धरून धावतोय पत्रावळीमागं!

अण्णांना एकच लेक. वैजयंती. घरात वैजू. शाळेच्या संमेलनात पोरगी नाचली. स्टेज कुणाचं? अण्णांचं! पण अण्णा कुठं? स्टेजच्या खाली, बांबू हलतोय का बघायला! वर लेक नाचतीय, खाली बाप बांबू धरून बसलाय. घरी आल्यावर वैजूनं विचारलं, "अण्णा, बघितलं का?" अण्णा म्हणाले, "बघितलं की! जरासुद्धा हललं नाही." पोरगीनं पायातले चाळ सोडून ठेवले.

पुढं वैजूचं लग्न ठरलं. जावई फौजी, नेमणूक आसामला. लग्न झालं, की मुलगी तिकडंच जायची. तर हळदीच्या दिवशी वैजू अण्णांजवळ बसली. म्हणाली, "अण्णा, मला काही नको. एकच द्या. उद्या तुम्ही मांडववाले नाही, फक्त माझे वडील. पुढं खुर्चीत बसायचं. दोरीला हात लावायचा नाही. मी जाताना मला तुम्ही खुर्चीत दिसले पाहिजेत."

अण्णांचे डोळे भरले. म्हणाले, "बाळा, तुझी शपथ. हलणार नाही."

मंडळी, शपथ लेकीची होती. पण वैजूच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तालुक्याला मोठं लग्न होतं! ट्रक मांडवामागंच उभा. कामाच्या पोरांना सांगून ठेवलेलं, शेवटची पंगत उठली की सोडायला घ्या.

त्या लग्नाला मी होतो. आशीर्वाद द्यायला बोलावलं होतं. आणि बुवा कसा? या खोडीत अण्णांचा थोरला भाऊ! मला संध्याकाळी दुसऱ्या गावी कीर्तन, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गावी लग्न. मी माईक घेतला, मोठ्या भक्तिभावानं डोळे मिटले आणि म्हणालो, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रोहिणी हिचा संसार सुखाचा होवो!" वैजयंतीच्या लग्नात ही रोहिणी कोण? अहो, रोहिणी दुसऱ्या दिवशीची नवरी! व्याही नवरदेवाकडं बघायला लागले, म्हणले, काय भानगड आहे का? लोकांना वाटलं, बुवा समाधीत गेले. समाधी कसली, बुवा पुढच्या गावाला गेले होते!

असो. अक्षता पडल्या. अण्णा खुर्चीत बसले. खरंच बसले! पंगती झाल्या. पाठवणीची वेळ झाली, बायका रडायला लागल्या, बँडवाल्यांनी चाल धरली. तेवढ्यात मागनं अण्णांच्या कामावरचा हणमंता आला.

"मालक, सगळं ढिलं केलंय, पण त्या कोपऱ्यातली गाठ सुटंना."

"कोयता लाव."

"दोरी नवी हाय, मालक."

नवी दोरी! अण्णांचा जीव कासावीस झाला. लेक अजून आतल्या खोलीत ओटी भरून घेतीय, निघायला वेळ आहे. एवढी एक गाठ, आलोच! उठले. शिडीवर चढले. गाठ त्यांच्याच हातची, हात लागला आणि सुटली. आणि छताचं सगळं ओझं आलं दोरीवर, दोरी अण्णांच्या हातात! बाकीची बाजू आधीच ढिली केलेली. आता दोरी सोडली तर छत वऱ्हाडाच्या डोक्यावर. धरली तर खाली उतरता येत नाही. आणि तेवढ्यात वैजू बाहेर आली.

मंडळी, आता नीट बघा. मी पण बघत होतो, पण हातात ताट होतं, म्हणून अर्धंच. वैजू छताखालीच लावलेल्या गाडीपाशी गेली. दार उघडलेलं. वळून तिनं मांडवात बघितलं. वडिलांची खुर्ची कुठंय? खुर्ची नाहीच! पोरांनी घडी घालून ट्रकात टाकलेली. ती या तोंडाकडं बघतीय, त्या तोंडाकडं बघतीय. सगळीकडं बघितलं, पण वर बघितलं नाही. का बघितलं नाही? बापानं शपथ घेतली होती! दोरीला हात लावणार नाही म्हणाला होता. पोरीचा त्यावर विश्वास होता हो!

आणि बाप वरून बघतोय. हाक मारतोय, "वैजू! ए वैजू!" पण त्या बँडपुढं आवाज पोचतोय कुठं? तिनं पदरानं डोळे पुसले. एक पाय गाडीत ठेवला. जन्मभर बांबू बघितले, आज पोरगी बघायची होती, आणि ती निघाली. काय करावं माणसानं?

अण्णांनी दोरी सोडली!

धप्पदिशी छत खाली! व्याही आत, वरमाई आत, बँडवाले आत, ट्रॉम्बोनमधनं एकच भोंगा निघाला आणि बंद पडला! गाडी आत, नवरदेव आत. आणि हा बुवा ताटासकट आत! चौफेर नुसतं पिवळं कापड. काही दिसत नाही, कुठं जाता येत नाही. मोबाईल कुठं पडला ठाऊक नाही. मग काय करणार? हातात जिलबी होती, ती खाल्ली. मंडळी, मंगल कार्यांत मी पोतंभर जिलबी खाल्ली असेल, पण जिलबी गोड असते हे मला त्या दिवशी कळलं!

अण्णा शिडीवरनं घसरत उतरले, कापडाखालनं रांगत निघाले. कुणाच्या पायावर, कुणाच्या शालूवर! शेवटी गाडीपाशी पोचले. वैजू दारात बसली होती, डोक्यावर कापड.

"अण्णा, तुम्ही?"

"आलो गं."

"वर होतात ना?"

"होतो. चुकलो."

पोरगी रुसायला हवी होती. पण तिनं बापाच्या डोक्यावरची धूळ झटकली. त्या कापडाखाली, पिवळ्या उजेडात, अण्णांनी लेकीकडं बघितलं. हनुवटीवर एक जुना व्रण होता. "हा कशाचा गं?" वैजू म्हणाली, "लहानपणी तुमच्या बांबूला धडकले होते." अण्णा रडले, आणि रडता रडता हसले. बाहेर हणमंता ओरडत होता, "मालक, ट्रक! उशीर होतोय!" अण्णा म्हणाले, "थांबू दे त्याला." मग बापलेक तशीच बसून राहिली. पुढं नाही, मागं नाही. अण्णा मला नंतर म्हणाले, बुवा, एवढं निवांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता वर बघा, मंडळी. देवळापुढं घातलेलं हे छत कुणाचं? अण्णांचं! ते काय, खांबाला टेकून बसलेत. पण हातात दोरी आहे का? नाही! अहो अण्णा, उद्या कुठं मांडव?

"आहे की, बुवा, पण तो उद्या. तुम्ही घड्याळ बघू नका, सांगा निवांत."

घ्या! दिसलं वाटतं त्यांना! बरं, हे घड्याळ काढलं. खीर पळून जात नाही. तुम्ही पण एक करा. आरती व्हायची आहे, तेवढ्यात शेजारी वळून बघा. बायको असेल, म्हातारी आई असेल, नातू असेल. बोलू नका, नुसतं बघा. छत पडायची वाट कशाला बघायची?

मी पण बघतो. माझ्यामागं हे गोरखभाऊ. तरुणपणापासून माझ्यामागं टाळ धरून उभे आहेत, आणि मी मागं वळून कधी बघितलंच नाही.

अहो गोरखभाऊ... तुमचे केस पांढरे झाले की हो! कधी झाले?

... राहू द्या. सांगू नका. इकडं पुढं या, माझ्या शेजारी उभे राहा. आणि हं, आता म्हणू या, सावकाश म्हणू या, कुणीही कुठं जायचं नाही — विठ्ठल... विठ्ठल...