मास्तरांनी सासूबाईंना बोलपट दाखवला

अहो पण मी म्हणतो, सासूला बोलपट दाखवायची बुद्धी होतेच कशी माणसाला! तीही वारलेल्या बायकोची आई, आणि बोलपट कसला, तर बायको वारलेला एक गडी एका विधवेशी लग्न लावतो त्याचा! तुम्हाला सांगतो, आमच्या काष्टीचे नृसिंहमास्तर शाळेत पोरांपुढं वाघ, पण घरात सासूबाई अंबिकाबाई नुसत्या खाकरल्या की झालं... मास्तरांच्या पोटात गोळा!

हसू नका. माणूस खरंच भ्यालेला होता. बायको तापानं गेली, मूलबाळ नाही, आणि अंबिकाबाईंची ती एकुलती एक लेक. लेकीचे दिवस झाले, पाहुणे पांगले, तर ही बाई चुलीपाशी बसून म्हणाली, "जावईबुवा, भाकरी टाकू का?" आणि राहिली ती राहिलीच. जायला दुसरं घर होतं कुठं? दोघं एका घरात, दोघं एकाच माणसासाठी रडणारी, पण एकमेकांसमोर रडणार नाहीत!

अशी काही वर्षं गेली, आणि दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मास्तर परीक्षेच्या कामाला नगरला गेले आणि हिवतापानं दवाखान्यात पडले. तिथं दमयंती नावाची नर्स. तरुणपणीच विधवा झालेली, पण जिभेला काय धार! मास्तर हिवतापावरची कोयनेलची कडू गोळी उशीखाली लपवायचे, ही बरोबर हुडकायची. "गुरुजी, तुमच्या वर्गातल्या पोरानं हे केलं असतं तर काय केलं असतंत?" मास्तरांना किती दिवसांनी हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि ती तिथंच स्टूल ओढून बसली. पुढं जायला-यायला निमित्तं सापडू लागली, सापडतातच हो, आणि एक दिवस लग्नाचं ठरलंसुद्धा! फक्त बाई एक म्हणाली, "घरी सांगून या. चोरून मी कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही."

सांगून या! काय सोपं आहे? "आई, तुमच्या लेकीच्या जागी मी दुसरी आणतोय," असं म्हणायचं? आणि गाव? आणि आबासाहेब? ते लोकल बोर्डाचे मेंबर, त्यांनी मनात आणलं तर मास्तरांची बदली उद्या सकाळी! मास्तर रोज तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "आई... आमटी छान झालीये."

तेवढ्यात बाजाराला जोडून गावात बोलपटाचा तंबू आला. दवंडीवाला ओरडतोय, "हसा, रडा, पुन्हा हसा! विधुर आणि विधवा, शेवग्याच्या झाडावरून भांडण आणि भांडणातून लगीन!" मास्तर जागच्या जागी थबकले. म्हणाले, आपण सांगायचंच नाही, परस्पर बोलपटच सांगेल! मग लोक काय म्हणतात ते गुपचूप ऐकायचं. आहे की नाही डोकं?

अंबिकाबाईंनी विचारलं, "देवाचा आहे का?"

"देव... असतील की. कुठंतरी."

एक देऊळ होतं म्हणा त्यात. तेवढाच देव.

तंबूत मधे दोरी, अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. सगळे पडद्याकडं बघतायत आणि हे दोरीवरून सासूकडं! तंबू खदखदा हसला, अंबिकाबाई हसल्या नाहीत. नायकानं पहिल्या बायकोची लुगडी घडी घालून पेटीत ठेवली, बायका मुसमुसल्या, अंबिकाबाई दगडासारख्या. शेवटी अक्षता पडल्या, शिट्ट्या झाल्या... आणि या मान वळवून वळवून पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी शोधतायत! घरी येताना या मास्तरांच्या दहा पावलं पुढं. झालं, मास्तरांच्या पोटात गोळा!

दुसऱ्या दिवशी निघाले गावाचं मत घ्यायला. आधी मच्छिंद्र न्हावी. गालाला साबण, गळ्याला वस्तरा. "लई झ्याक खेळ, मास्तर! काय ती बाई, काय तिचं भांडान! ज्याचं मानूस गेलं त्यानं काय जलमभर भिताडाकडं बगत बसावं व्हय?" मास्तर जरा सैल झाले, तर हा वस्तरा थांबवून म्हणतो, "पर आपल्या गावात कुनी आसं केलं, तर मातुर खैर न्हाई हां त्याची!" आणि वस्तरा पुन्हा गळ्यावर! गोळा!

पुढं साळूबाई वांगी विकत बसलेली. "मी तर लई रडले बगा. त्या बाईनं आदी पयल्या नवऱ्याच्या फोटूला हार घातला, मंग ह्येच्या गळ्यात माळ. त्ये मला पटलं. मेलेलं मानूस पुसायचं न्हाई, आन् जित्यानं मरायचं न्हाई." मास्तरांचे डोळे भरले, दोन वांगी हवी होती तिथं पिशवीभर घेतली! तर ती हळूच, "पर मास्तर, तुमच्या बामनात चालंल व्हय आसं?" गोळा!

आणि शाळेच्या दारात साक्षात आबासाहेब! "मास्तर, असले खेळ बंद पाडले पाहिजेत! समाज बुडतो! एखाद्या शिक्षकानं असलं थेर केलं तर काय आदर्श राहील?" मास्तर कसंबसं "खरंय" म्हणाले. "गाणी मात्र बरी होती. आज पुन्हा जाणार आहे मी... नीट तपासायला!"

दिवेलागणीला घरी आले. अंबिकाबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "खोटा होता तुमचा बोलपट."

काय सांगू तुम्हाला, मास्तर उंबऱ्यातच थांबले! "काय... काय खोटं होतं, आई?"

"त्या मेलेल्या मुलीची आई कुठं होती?"

मास्तरांनी वांग्यांची पिशवी हळूच खाली ठेवली.

"दाखवलीच नाही! लेक मेली, जावयानं दुसरी आणली, गाणी झाली, पडदा पडला. मग ती म्हातारी गेली कुठं? अख्खा तंबू हसत होता, जावईबुवा, आणि मी तिलाच शोधत होते." सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. "नगरहून आल्यापासून तुम्ही झोपेत हसता. मला का कळत नाही? बोचकं बांधून ठेवलंय मी. फक्त कुठं जायचं ते अजून सुचलं नाही."

म्हणजे बघा! हे इकडं भ्यालेले, त्या तिकडं भ्यालेल्या, आणि मधे आमटीचं कौतुक!

मास्तर मटकन खाली बसले. "ती घरातच होती, आई. बोलपटवाले मूर्ख, त्यांना दिसली नाही. ती गेली तर त्या घरात काय राहिलं? आणि... आणि मला चहासुद्धा करता येत नाही हो!" आणि मग रडले. दोघंही रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, समोरासमोर.

डोळे पुसून अंबिकाबाई म्हणाल्या, "तुमची तीही विधवाच आहे ना, बोलपटातल्यासारखी? माझी लेक पाळण्यात होती तेव्हा माझे केस उतरवले. मला कुणी विचारलं नव्हतं. तिला नीट विचारलंय ना?"

नगरला साधंसं लग्न लागलं. आबासाहेबांनी पुढं मिरजगावला बदली केलीच, तीही बोलपटातलं गाणं गुणगुणत! पण त्याआधी नवरी काष्टीला आली तो दिवस ऐका. गल्लीत दारांच्या फटीफटीतून डोळे, ओवाळायला एक सवाष्ण पुढं येईना. मास्तरांच्या पोटात गोळा! तर अंबिकाबाई, डोईवर पदर घेतलेली ती विधवा बाई, स्वतः भाकरतुकडा घेऊन दारात आल्या, गल्लीदेखत ओवाळून टाकला, दमयंतीच्या डोळ्यांना पाणी लावलं, हात धरून आत नेली, आणि दोघी बोलत बोलत थेट चुलीपाशी!

मास्तर उंबऱ्याबाहेरच, हातात पेटी. हळूच विचारलं, "आई... आणि मी?"

आतून आवाज आला, "तुम्ही काय नवे आहात? या की. आणि येताना दार लावा."

लावलं हो. काय करतात!