उभ्यानं मीटिंग

अबे, आमच्या कंपनीत रोजची मीटिंग उभ्यानंच करा लागते. पाय दुखले की लोक कमी बोलतात, असा त्यांचा फंडा. आम्ही सात जण होतो तवर दहा मिनिटांत आटपायचं. मग पाच देशांतल्या टीम एकाच मीटिंगमध्ये जोडल्या. साठ जण झाले, पण नियम तोच!

परवा संध्याकाळी मी घरी, लॅपटॉप फ्रिजवर ठेवून दीड तास उभा. तेवढ्यात बाबा आले. रिटायर्ड हेडमास्तर, सारी नोकरी पारशिवनीले झाली.

"काहून उभा आहे? कोनं शिक्षा केली तुले?"

"शिक्षा नाही बाबा, मीटिंग सुरू आहे. सगळेच उभे आहेत."

बाबांनी चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं. "पूरा वर्ग उभा? अन् मास्तर कोन आहे?"

मी जर्मनीतल्या मॅनेजरबाई दाखवल्या. त्याही उभ्याच, बिचाऱ्या पाय बदलून राहिल्या होत्या.

माझा माईक सुरू आहे हे मले आठवेपर्यंत बाबा गरजले, "सिट डाऊन, ऑल ऑफ यू!"

पाचही देश धपकन खाली बसले. सगळ्यात आधी मॅनेजरबाई. बसल्या बसल्या म्हणतात कशा, "थँक यू, सर!"