विहिरीपाशी उभी असलेली बाई

(जानेफळ. घराच्या ओट्यावर पुंजाजी आणि पुण्याहून सकाळीच आलेली त्यांची मुलगी सुचिता.)

पुंजाजी : ...त्या दिवशी तरी म्या तुले खरं कुठं सांगतलं? आईले ताप आहे, ये, एवढंच म्हटलं. ती तर मेहकरच्या दवाखान्याच्या रस्त्यातच गेलती. अंगणातली माणसं पाहून तुले समजलं.

सुचिता : तो ताप मी विसरले, बाबा. परवाचं सांगा. अर्जावर माझा नंबर, म्हणून सौर पंपवाल्यांचा मला फोन आला. म्हणे रेणुकाबाईंचा फोटो चढला, काम पुढं सरकलं. आईला जाऊन चार महिने झाले.

पुंजाजी : वावर तिच्या नावानं, अर्ज तिच्या नावानं. मोजणीवाले म्हणे, फोटोत अर्जदार विहिरीपाशी उभा पाहिजे. पहिल्या खेपेले सांगतलं, माहेरी गेली संग्रामपूरले.

सुचिता : आणि दुसऱ्या खेपेला?

पुंजाजी : तुह्या अन्नपूर्णामावशीले उभं केलं. पदर खाली ओढून.

सुचिता : मावशी तयार झाली?

पुंजाजी : रडली पहिले. मंग म्हणे, भाऊजी, रेणुका बुटकी होती, मी जराशी वाकते.

सुचिता : आईला हे चाललं असतं?

पुंजाजी : पंपासाठी? तिनं मले लुगडं नेसवून उभं केलं असतं. तूच भरवलं तिच्या डोक्यात. कोणता देश उन्हावर किती वीज करते, ते तू हापिसात मोजे अन् तिले फोनवर सांगे. ती निंदणाऱ्या बायांले सांगे. डेन्मार्कात निम्म्याच्या वर वीज वाऱ्याची. जर्मनीत आपल्याएवढं ऊन नाही, तरी घरांवर उन्हाच्या पाट्या. अन् आमचे हे, म्हणे, बॅटरी तोंडात धरून राती हरभऱ्याले पाणी देऊन राह्यले.

सुचिता : म्हणून खोटा फोटो? तलाठ्याकडे जाऊन वारस लावायचे. अर्ज तुमच्या नावावर मागायचा.

पुंजाजी : गेलतो, दोनदा. भला माणूस, चहा पाजला. म्हणे, काका, मृत्यूचा दाखला आणा, सातबाऱ्यावर काकूच्या नावावर आडवी रेघ येईल, खाली तुमचं अन् पोरीचं नाव. दोन्ही बार उठून आलो. दीड एकर आहे, पोरी, पण तिच्या नावाची होती. फोटो सोपा गेला मले.

सुचिता : पंप बसल्यावर कोणाला कळलं तर मावशीही अडकेल.

पुंजाजी : पदराआड कोण ओळखते?

सुचिता : पंपवाल्यांनी मला फोटो पाठवला. मी पाहताच ओळखलं.

पुंजाजी : ...मले तर घडीभर तीच वाटली.

सुचिता : उद्या पंपवाल्यांना खरं सांगू. मग तलाठी.

पुंजाजी : अन् पंप गेला तर?

सुचिता : जाईल. पुन्हा अर्ज करू. दाखला तेवढा काढून ठेवा.

पुंजाजी : दाखला नाही. ग्रामपंचायतीत तिच्या मरणाची नोंदच अजून केली नाही म्या.