अंगठ्याची दोरी

नाही नाही, दरवाजा तसा नाही उघडत — थोडा वर उचलून मंग ओढा लागते — हां, असा. या आत. चपला राहू द्या न... काढल्या? बरं झालं. आमच्या मिसेसले गाडीत चपला चालत नाही. म्हणजे ती आता घरी नाही. सुमतीताईकडं पापड लाटाले गेली, बाराच्या आत काही येत नाही, म्हणून तर तुमाले दहाले बोलावलं. डोकं सांभाळा. हे पाहा, ही शाळेची गाडी होती, पोट्टे बसाचे इथं. सारे बाक काढले अन् हा पलंग बसवला, खाली ड्रॉवर, वर गादी, दोघं जण पाय लांब करून झोपा. ही शेगडी, हे पाण्याचं टाकं, अन् हे पडदे — गांधीबागेत जाऊन मी स्वतः कापड पाह्यलं. ती म्हणे हिरवं घ्या, मी निळं घेतलं. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात बाबू होतो न मी, भाऊ. साऱ्या जिल्ह्याचे तलाव माझ्या फायलीत — कोणाची भिंत कधी बांधली, कोणात किती गाळ, तोंडपाठ — अन् पाण्याले बोट लावलं नाही कधी. म्हटलं, रिटायर झालो का गाडी करतो, बायकोले घेऊन एकेक तलाव पाहातो, मासे पकडतो. गळाची काठी आणली, ते फिरकीवालं रीळ आणलं, महिनाभर मोबाइलवर पाहून पाहून शिकलो. तुमी हसून राहिले, पण शिकलो मी.

विकून काहून राहिलो? आता ते... गुडघे. वय झालं, भाऊ. गाडीत काही खोट नाही, एकच ट्रिप झाली हिची, एकच — होळीच्या आधी गेलतो, दोन दिवस, पारशिवनीच्या पुढं एक तलाव आहे, तिथं. तिच्या माहेराजवळचा. अन् तलाव मीच निवडला बरं का, हे लक्षात ठेवा. ती नव्हती म्हणाली. मीच म्हटलं, चाल, मासेही होते अन् तुह्यं माहेरही होते. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्याचा ते मले विचारा.

तुमचं लग्न झालं काय? दोन महिने! वा वा. मंग एक विचारू? तुमच्या मिसेसच्या माहेरी तलाव आहे काय? नाही, हसण्यावारी नेऊ नका गा. लग्न जुळवतानी आपण सारं विचारतो — गुण किती, शेती किती, भाऊ किती, धाकटी बहीण लग्नाची आहे का — तलाव कोणी विचारते काय? मी नाही विचारलं. बत्तीस वर्षं झाली. आमची माय माळकरी, घरात मासोळीचं नाव काढाची सोय नाही, तर गोपिकानं — आमच्या हिचं नाव गोपिका — उंबरठ्याच्या आत पाय ठेवला त्या दिवसापासून मासोळी सोडली. एका शब्दानं बोलली नाही. अन् मी? मी ऑफिसच्या लोकाईसंगं सावजी खानावळीत जाऊन मासोळी हाणून येत होतो, वरतून मूठभर बडीशेप खाऊन घरात शिरत होतो. तिले वास येत असन. नक्कीच येत असन. पण मले वाटे, हिले त्यातलं काही आवडतच नाही, हिले माशातलं काय समजते. म्हणून तर मी तिले शिकवाले घेऊन गेलतो, भाऊ. मी! तिले!

तर तो तलाव मच्छीमार संस्थेचा. गळ टाकाचा तर पावती फाडा लागते. आम्ही गाडी उभी केली, मी खुर्च्या काढून राहिलो, तेवढ्यात संस्थेचा माणूस पावतीबुक घेऊन आला. माझ्याच वयाचा. समोरचा एक दात नाही, खांद्यावर दुपट्टा, पायात टायरची चप्पल — पाहाले काही नाही, भाऊ, काहीच नाही, मी नीट पाह्यलं. डोक्यावर केस आहेत, तेवढं मानतो. तो तिच्याकडं पाहून थांबला अन् म्हणे, “काय वं गोपे!” गोपे! बत्तीस वर्षांत मी तिले नावानं हाक मारली नाही, आमच्याकडं ‘ऐकलं का’ म्हणाची पद्धत, अन् हा सरळ गोपे. अन् ती काय म्हणाली असन? “काय गा शालिक!” शालिकराम नाव त्याचं. आता तुमी म्हणसान, यात काय? अहो, तिच्या तोंडात साऱ्या दुनियेले भाऊ आहे — किराणावाला भाऊ, कंडक्टर भाऊ, मीटर पाहाले येते त्याले भाऊ, पोट्ट्याच्या वयाचा असला तरी भाऊ — अन् हा एकटा शालिक. कोरा. ना भाऊ, ना दादा. अन् पावतीवर त्यानं काय लिहावं? ‘गोपिका, अन् सोबत एक.’ सोबत एक! तो एक म्हणजे मी. आहे ती पावती माझ्या पाकिटात, दाखवू काय?... राहू द्या.

मंग मी काठी लावली, रीळ लावलं, डब्यातला तयार चारा लावला. दोन घंटे. एक मासा नाही. तिले म्हटलं, हे असं धर, तर म्हणे, मले नाही जमत तुमचं ते यंत्र. अन् तिनं काय केलं — आपल्याच डब्यातली कणीक घेतली, त्या शालिककडून मूठभर जवसाची ढेप मांगतली, चिमूटभर हिंग टाकून गोळा मळला, त्याच्याच जवळची एक साधी दोरी घेतली, दोरीले गळ, बस. दगडावर बसली. चप्पल काढली. अन् दोरीचा फासा केला अन् आपल्या पायाच्या अंगठ्यात अडकवला. मी म्हटलं, हे काय वं? तर म्हणे, “हात मोकळे राह्यते न. मासा आला का अंगठ्याले समजते.” अन् बसली शेंगा सोलत. मी विचारलं, कोणं शिकवलं हे? सहज विचारलं, बरं. तर हसून म्हणे, “शालिकनं. चौदा वर्षांची होती मी. त्यानंच बांधून देल्ली होती दोरी, अन् एवढा मोठा रोहू आला का अंगठा कापला माझा. हा पाहा न वळ. त्यानंच पाला चुरून लावला होता.”

तो वळ, भाऊ. आता हे कोणाजवळ बोलाचं नाही, पण तुमी काही आमच्या मानेवाड्यातले नाही, जरीपटक्याचे आहा, म्हणून सांगतो. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याभोवती एक पांढरा वळ आहे. बारीक. लग्न झालं तेव्हापासून पाहातो मी. दर उन्हाळ्यात ती पापडाच्या पिठाच्या लाट्या कापाले अंगठ्याले दोरा बांधते न — सगळ्याच बाया बांधतात, दोऱ्याचं एक टोक अंगठ्याले, एक हातात, अन् कचाकच लाट्या — तर मले वाटे त्याचाच वळ असन. माझ्या घरच्या पापडाचा! तिचे पाय दुखते हिवाळ्यात, मी तेल लावून देतो, हसू नका, देतो — अन् त्या वळावर तर मी जास्तच चोळत होतो, म्हटलं बिचारी आपल्या घरासाठी राबते. बत्तीस वर्षं मी त्या शालिकरामच्या दोरीले तेल चोळून राहिलो!

नाही, ती तसली बाई नाही. खबरदार. मी तसं म्हणून नाही राहिलो. तो दुसऱ्या दिवशी तर तलावावर आलाही नाही, त्याच्या नातवाचं काही होतं पारशिवनीले. म्हणूनच तर... थांबा, सांगतो. सकाळी आठ वाजता ती दगडावर, दोरी अंगठ्यात, मी बाजूले जाळी घेऊन उभा. मासा उचलाची जाळी, ती मीच आणली होती, मीच हातात धरून होतो. एकदम तिचा पाय खेचल्या गेला. तिनं झपकन फासा काढून दोरी हातात घेतली — अन् काय सांगू, भाऊ, ती उभी राह्यली, पदर खोचला, दोरी ढिली सोडे, खेचे, सोडे, खेचे, अन् हसे. मोठ्यानं. अशी हसताना मी तिले कधी पाह्यलं नाही. पाणी उसळलं, रोहूच होता, हा एवढा, लाल पंख दिसले मले. अन् ती ओरडली, “शालिक, जाळी आण! शालिक, लवकर!”

मी जाळी घेऊन उभा होतो. एका हातावर. तो पारशिवनीले होता.

मंग काय, मंग दोरी तुटली. गेला मासा. ती मागं पडली, तिचा हात छिलला, अन् आम्ही आवरून दुपारी नागपूरले परत. हे एवढंच. चला, तुमाले इंजिन दाखवतो... काय म्हणता? तशी दोरी तुटत नाही? तुमी गाडी पाहाले आले का पंचनामा कराले? तुटते न, कधी कधी... नायलॉनची होती, हो... बरं, नाही तुटली. कापली. मी कापली. त्या काठीच्या किटसंगं एक चाकू आलता, खिशात होता. मले समजलंही नाही मी कधी काढला. जळत होतो, भाऊ, सरळ सांगतो, आतून जळत होतो. अन् ती चिखलात बसली होती. तिनं दोरीचं टोक हातात घेऊन पाह्यलं. तुटल्या दोरीचं टोक झिजलं असते, कापल्या दोरीचं साफ असते, हे मले नाही समजत, पण तिले समजते न — तिले त्यानं शिकवलं. माझ्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, तुटली वं. ती म्हणाली, “हो.” अन् दोरी गुंडाळून घेतली.

तेव्हापासून काही बोलली नाही ती. म्हणजे बोलते, सारं बोलते. चहा वेळेवर, भाजीत मीठ बरोबर, रात्री गोळी घेतली काय म्हणून विचारते. त्यानंच तर जीव जाते माझा. भांडली असती तर बरं झालं असतं. अन् परवा सकाळी उठतो तर काय, माझ्या पायाच्या अंगठ्याले पापडाचा दोरा गुंडाळलेला! मी दचकलो, म्हटलं काय करून राहिली वं? तर म्हणे, काही नाही, झोपा. दोरा काढून घेतला अन् गेली. अन् काल जेवतानी म्हणे, “पुढच्या आठवड्यात जाऊ न तलावावर?” सहज! जशी काही भाजीले चालली. म्हणून मी रातोरात... म्हणजे लगेच मोबाइलवर जाहिरात टाकली. गाडीच नाही राह्यली तर तलाव कायचा? तिले सांगतलं नाही अजून. सांगीन न. तुमी घेऊन गेले का सांगीन.

हां, ते ड्रॉवर ओढा न, भरपूर जागा आहे आत, दोघांचे कपडे बसते... काय आहे? दाखवा. इकडं आणा. ही तीच दोरी आहे, त्या दिवशीची. हे पाहा, इथं गाठ मारली तिनं, नवी दोरी जोडली कापल्या जागी. अन् ही दुसरी? दोन काहून? एक तिची, अन् एक... पाह्यलं! पाह्यलं न तुमी! मी म्हणत नव्हतो! दुसरी कोणाची राहीन, त्याचीच. त्याच्यासाठी बसून दोऱ्या वळून राहिली माझ्या गाडीत! अन् फासा किती मोठा केला पाहा — याले तर कपडाही गुंडाळला, त्याच्या अंगठ्याले रुतू नाही म्हणून. केवढी काळजी...

थांबा. हा कपडा माझा आहे.

हा माझा शर्ट आहे, भाऊ. निळ्या चौकड्यांचा. रिटायर झालो त्या दिवशी घातला होता, बाही फाटली म्हणून तिनं ठेवून देल्ला होता. अन् तो परवाचा दोरा... माप घेत होती काय ती? माझं? मले वाटलं... पाय द्या — नाही, माझाच पाय. जरा सरका, बसू द्या पलंगावर. हां. हे पाहा. बरोब्बर बसते. एक सूत इकडं नाही का तिकडं नाही. तिले माहीत आहे मी कापली, सारं माहीत आहे, अन् तरी बसून... अन् तुमाले सांगू? त्यानं तिले कपडा नव्हता बांधला. नुसती दोरी बांधली होती. म्हणून तर कापला तिचा अंगठा. चौदा वर्षांच्या पोरीले नुसती नायलॉनची दोरी बांधते काय कोणी? एवढी अक्कल नाही त्याले.

गेट वाजलं काय? पाहा न पडद्यातून — हिरवी साडी? अरे बाप्पा, ती आली. अजून साडेदहाही नाही झाले! चला, उठा तुमी, गाडी विकाची नाही. नाही म्हणजे नाही, भाऊ, काही सांगून उपयोग नाही, दुसरी पाहा, जरीपटक्यात पुष्कळ मिळतात. मी येतो तुमाले सोडाले... हे निघत काहून नाही? सरकफासा आहे, ओढलं तसा आवळून राहिला. तुमी चपला घाला, माझ्याकडं पाहू नका. तिले काय सांगसान? सांगा, पत्ता चुकला. काय? नको! ठेवा तुमचा चाकू. खिशात ठेवा पैले. कापाची नाही. ती आली का सोडते. जा तुमी — अन् जातानी दरवाजा वर उचलून लावजा.