दारापासून मोजलेल्या आलमाऱ्या

...हौ, बस ना स्टुलावर, उभं राहून कागद लवकर सापडत नाही. काय नाव म्हटलं? पुष्पलता. चैतरामची पोरगी, खैरलांजीची. चेहरा तोच आहे. तुझा बाप याच रेकॉर्ड रूममध्ये चपराशी होता — मी बाबू, तो चपराशी, अकरा वर्सं. आनि तुले त्याच्या चौकशीच्या फाइलची नक्कल पायजे. बरं. अर्ज ठेव इथं. लोक म्हनतात, डोमाजीबाबू, कागद काढा — कागदाच्या पहिले आलमारी सापडा लागते, हे कोनाले समजत नाही.

पाह्य, या सतरा. पहिले चौदाच होत्या. छप्पनमध्ये राज्य तुटलं, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आपन इकडे मध्यप्रदेशात राह्यलो, तवा नागपूरहून तीन आल्या — ना यादी, ना चाबी. साहेब म्हने, दाखल करून घ्या. मी आनि चैतरामनं एक एक उघडून पाह्यली — कोनती भरली, कोनती रिकामी, कोनतीत दिमक लागून कागद खाल्लेले. आठ दिवस लागले. मंग साऱ्यांले नंबर देल्ले. कसे देल्ले? दारापासून मोजून. दाराजवळची एक, मंग दोन, मंग तीन. आलमारीवर लिहिले नाही, रंग नव्हता — नाही, रंग होता. मले वाटलं, मोजता येते तर लिहाचं काहून? चैतराम म्हने, बाबूजी, एखादी सरकवली तर? मी म्हटलं, तू सामान उचल, नंबराचं मी पाहीन.

सरकवली. त्रेसष्टच्या पान्यात मागची भिंत वली झाली, तर शेवटची आलमारी मीच दाराजवळ आनाले लावली. झालं — एकची दोन, दोनची तीन, साऱ्या एकानं पुढे गेल्या, आनि रजिस्टरात जुनेच नंबर. दिवाळीनंतर छटाईचा हुकूम आला, नऊ नंबरातल्या जुन्या पावत्या जाळा म्हनून. मी हुकूम चैतरामले देल्ला. त्यानं दारापासून मोजलं — मी शिकवलं तसंच. नववी उघडली तर त्यात परसवाड्याकडच्या बारा गावांचे नकाशे. आला माझ्याकडे. मी डबा खाऊन राह्यलो होतो. म्हने, बाबूजी, हे तर नकाशे दिसतात. मी मान वर नाही केली. म्हटलं, हुकुमात नऊ आहे ना? मंग नऊ जाळ.

चौकशीत साहेबानं विचारलं, रजिस्टर बरोबर आहे? मी म्हटलं, हौ साहेब. खोटं नाही बोललो, रजिस्टर बरोबरच होतं. तुझा बाप बाजूले उभा होता. माझ्या तोंडाकडे पाहून राह्यलता, का मी आता बोलीन, आता बोलीन. नाही बोललो. तो नोकरीवरून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साऱ्या आलमाऱ्यांवर नंबर रंगवले.

कसा आहे तो? — कोनाशीच बोलत नाही? बरं. आनि गावात काय म्हनतात त्याले? — कागदजाळ्या. हं. तुलेही तेच म्हनत असन, कागदजाळ्याची पोरगी. पाच वर्सं झाले. पहिले पहिले मले जेवन जाये नाही, घरची म्हने वैद्याले दाखवा. आता जाते. आता काही वाटत नाही, खरं सांगतो, तू इथं रडली असती तरी वाटलं नसतं. तू रडत नाही, बरं आहे.

फाइल? आहे ना. बारा नंबर, खालचा खन, लाल फडक्यात. त्यात चैतरामचं बयान आहे, अंगठा लावलेलं, का बाबूजीले विचारूनच जाळले. साहेबानं त्याच्यावर रेघ मारली — चपराशाचं बयान. तेच पायजे ना तुले? तू ते नव्या साहेबापुढे ठेवशीन, तुझ्या बापाचं नाव साफ होइन, आनि मंग साहेब मले बोलावीन. मले रिटायर व्हाले आठ महिने राह्यले आहेत, पोरी.

तिकडे काहून पाहून राह्यली? कुलूप आहे. चाबी माझ्या कमरेले आहे. सरकव तो अर्ज इकडे. हे लिहून देल्लं — 'रेकॉर्ड उपलब्ध नहीं'. ही सही, हा शिक्का. घे ना. घे. आनि जाताना दार लोटून घे, कुत्रे अंदर येतात.