पुलावर दिलेली वाट

नरहरकाका : बस इथं. एक गोष्ट सांगतो, आजचीच, राजघाटच्या पुलावरची. चहा थंड झाला तरी मधे उठायचं नाही.

शार्दूल : जल्दी सांगा काका. चार वाजता स्टेशनवर पुण्याचे यात्रेकरू घ्यायचेत.

नरहरकाका : तुझे यात्रेकरू थांबतील. माझी पेशंट थांबणारी नव्हती. रामनगरची पोरगी, पहिलटकरीण, रक्त थांबेना. नवरा तिचा हात धरून बसलेला. ॲम्ब्युलन्स पुलावर घातली तर पुढे एक मारुती व्हॅन. मजेत, मधोमध. सायरन दिला, हॉर्न दिला, दिवे मारले. साहेब ढिम्म!

शार्दूल : हॉर्नला कोण विचारतं बनारसमध्ये? आणि सायरन तर नेत्यांच्या गाड्यापण वाजवतात.

नरहरकाका : मग आरशात बघावं ना!

शार्दूल : बाहेरचा आरसा गल्लीत तुटतो काका. सगळे मिटूनच ठेवतात.

नरहरकाका : हां. त्यानंपण मिटलेलाच होता. अर्धा पूल मी त्याच्या मागे. इकडे नवरा ओरडतोय, "ड्राइवर साहब, ठंडी पड़ रही है!" माझं डोकंच फिरलं. काच खाली केली आणि घसा फाडून ओरडलो, "राम नाम सत्य है!"

शार्दूल : काय? जिवंत पेशंट आत असताना?

नरहरकाका : मग काय आरती म्हणू? आणि बघ तर, रिक्षा सरकल्या, ट्रक सरकला, सायकलवाले उतरून उभे. व्हॅनपण सरकली. मागे नवऱ्यानं गळा काढला, त्याला वाटलं बायको गेली. तर तीच त्याला म्हणते, "हम जिंदा हैं, चुप रहिए."

शार्दूल : बाप रे! वाचली ना?

नरहरकाका : ती वाचली. पोर काचेच्या पेटीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा मिनिटं आधी आणायची होती. आता रात्र काढली तर खरं.

शार्दूल : असतात असे नालायक. मी तर आजच पुलावर एका अर्थीला, मयताच्या गाडीला, वाट दिली. गाडी पार कठड्याला लावली, डोळे मिटून हात जोडले.

नरहरकाका : बघितलं मी.

शार्दूल : तुम्ही कुठे होतात?

नरहरकाका : तुझ्या व्हॅनला घासूनच गेलो.

(शार्दूल कप खाली ठेवतो.)

शार्दूल : काका... ती अर्थी नव्हती?

नरहरकाका : वीस वर्षं झाली ही गाडी हाकतोय. कुणावर ओरडलो नाही असा दिवस नाही. पण आज पुढे आपल्याच घरचं पोर निघालं रे. किती शिव्या घालू, सांग!

शार्दूल : मी हॉस्पिटलात येऊ? त्या पोरीच्या नवऱ्याला...

नरहरकाका : संध्याकाळी नेतो. तूच सांग त्याला. पण आत्ता खाली जा, आणि तो आरसा तेवढा उघड. मी खिडकीत उभा आहे.